अक्षराची जागा आणि शब्दाचे कूळ

देवनागरीत लेखन-वाचन शिकलेल्या मुलाची अक्षराकडून एक साधी अपेक्षा असते. अक्षराचे जे नाव तोच त्याचा उच्चार, आणि तो उच्चार शब्दाच्या आरंभी, मध्ये किंवा शेवटी कोठेही सहसा पालटत नाही, हे त्याने बाराखडी घोकता घोकता गृहीत धरलेले असते. त्यामुळे पूर्वी कधी न पाहिलेला शब्द त्याला वाचता येतो आणि कानावर पडलेला शब्द, ऱ्हस्व-दीर्घाची चूक सोडल्यास, लिहिता येतो. ही अपेक्षा घेऊन ते इंग्रजीकडे वळते तेव्हा त्याला 'डब्ल्यू' नावाचे अक्षर भेटते, ज्याच्या नावात त्याच्या उच्चाराचा मागमूस नसतो. 'एच' भेटते, ज्याच्या नावात 'ह' नसतो. आणि 'सी' भेटते, जे 'कॅट' मध्ये 'क' होते व 'सिटी' मध्ये 'स' होते. इंग्रजीला नियमच नाहीत, ती पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही, हा समज येथूनच मूळ धरतो.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पूर्वी पाचवीपासून शिकवले जाई. २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून ते पहिलीपासून सुरू झाले. परिणामी जालना जिल्ह्यातील मंठा, परतूर किंवा भोकरदन तालुक्यातील एखाद्या वस्तीशाळेतले मूल बाराखडी आणि 'एबीसीडी' या दोन वेगळ्या स्वभावांच्या व्यवस्था जवळजवळ एकाच वेळी शिकू लागले. शिकवण्याची रीत मात्र बरीचशी जुनीच राहिली. 'सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' हा ताल मराठी शाळेत पिढ्यान्‌पिढ्या घुमत आला आहे आणि त्याने अनेकांना शब्दसंपदा दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या पद्धतीत प्रत्येक शब्द सुटा साठवला जातो. 'कॅट' पाठ झाल्याने 'कॅप' लिहिता येईलच असे नाही, कारण पाठ झालेली असतात ती अक्षरांची नावे, आणि 'सी', 'ए', 'टी' ही नावे कितीही भरभर म्हटली तरी त्यांतून 'कॅट' हा उच्चार निघत नाही.

इंग्रजीत अक्षरे २६ आणि प्रमाण ब्रिटिश उच्चारणातील अर्थभेदक ध्वनी सुमारे ४४ आहेत. भाषाविज्ञानात अशा अर्थभेदक ध्वनीला स्वनिम म्हणतात: मराठीत 'काल' आणि 'गाल' हे दोन शब्द 'क' व 'ग' या स्वनिमांमुळेच वेगळे ठरतात. त्या ४४ पैकी सुमारे २० स्वर आहेत आणि त्यांच्यासाठी स्वराक्षरे आहेत अवघी पाच. अपुऱ्या अक्षरांतून पुरेसे ध्वनी दाखवायचे, तर एकेका अक्षराला अनेक कामे द्यावी लागतात, अक्षरांच्या जोड्या कराव्या लागतात, आणि कोणते काम कोठे चालू आहे हे शेजारच्या अक्षरांवरून ओळखावे लागते. गोंधळ दिसतो तो येथे; पण नियमही येथेच आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात पॉल हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये सतरा हजारांहून अधिक इंग्रजी शब्दांचा अभ्यास केला. ध्वनी आणि त्याचे शब्दातील स्थान एवढ्याच माहितीवर आधारलेले नियम त्यांनी संगणकाला दिले, तेव्हा सुमारे निम्म्या शब्दांचे स्पेलिंग अचूक आले आणि आणखी सुमारे ३७ टक्के शब्दांत एकाच ध्वनीपुरती चूक झाली. शब्दाचा अर्थ आणि त्याचे मूळ यांविषयी संगणकाला काहीच ठाऊक नव्हते, हे लक्षात घेतले तर हा निकाल इंग्रजीच्या कुख्यातीला मुळीच साजेसा नाही.

स्थानाचे महत्त्व पटवण्यासाठी 'जी-एच' ही जोडी सोयीची आहे. घनसावंगी हे तालुक्याचे नाव रोमन लिपीत लिहिताना ती 'घ' साठी येते आणि म्हणून मराठी मुलाला ती परिचितही असते. इंग्रजी शब्दांत तिचे वागणे वेगळे, पण ठरलेले आहे. शब्दाच्या आरंभी ती 'ग' असते, उदाहरणार्थ 'घोस्ट'. स्वरानंतर, विशेषतः 'टी' च्या आधी, ती बहुधा मूक असते, जसे 'नाइट', 'लाइट', 'राइट'. 'लाफ', 'कफ', 'रफ', 'टफ', 'इनफ' अशा मोजक्या शब्दांत ती 'फ' होते, आणि तीही नेहमी स्वरानंतर. इंग्रजी स्पेलिंगची टर उडवण्यासाठी 'जी-एच-ओ-टी-आय' असे लिहून ते 'फिश' वाचण्याचा विनोद एकोणिसाव्या शतकापासून सांगितला जातो आणि तो बहुधा जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या नावावर खपवला जातो. वस्तुतः शॉ यांच्या जन्माच्या आधीच, १८५५ मधील एका पत्रात तो सापडतो. विनोद चांगला असला तरी युक्तिवाद म्हणून तो लटका आहे, कारण 'जी-एच' शब्दाच्या आरंभी कधीच 'फ' होत नाही आणि 'टी-आय' शब्दाच्या शेवटी कधीच 'श' होत नाही. इंग्रजी वाचणारा कोणीही त्या अक्षरांना 'गोटी' असेच वाचील.

असे स्थानाचे नियम शिकवण्यासाठी वेगळे साहित्य लागत नाही. जालन्याच्या नव्या मोंढ्यातील आणि औद्योगिक वसाहतीतील पाट्या पुरेशा आहेत. बियाणे आणि पोलाद या दोन धंद्यांनी हे शहर देशभर ओळखले जाते, आणि 'सीड्स' व 'स्टील' या दोन्ही शब्दांत दीर्घ 'ई' साठी 'ई-ई' ही जोडी आहे. 'ट्रक', 'सॅक', 'स्टॉक', 'ब्लॉक' या एकावयवी, म्हणजे एकाच स्वराघातात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांत ऱ्हस्व स्वरानंतर लगेच 'क' येतो, म्हणून तो 'सी-के' असा लिहिला जातो. 'बँक' आणि 'मिल्क' मध्ये मध्ये व्यंजन असल्यामुळे एकटा 'के' पुरतो, आणि 'वीक' मध्ये स्वर दीर्घ असल्यामुळेही तोच पुरतो. 'मिल', 'सेल' म्हणजे विकणे, 'प्रेस', 'स्टाफ' यांच्या शेवटी 'एल', 'एस' आणि 'एफ' दुहेरी होतात, त्यामागेही तीच प्रवृत्ती आहे.

'पाइप', 'रेट', 'साइट', 'ग्रेड' यांच्या शेवटी जो 'ई' दिसतो तो स्वतः उच्चारला जात नाही, पण मागच्या स्वराला त्याच्या अक्षराचे नाव धारण करायला लावतो. 'आर-ए-टी' हा 'रॅट' असतो आणि पुढे 'ई' आला की 'रेट' होतो. 'पी-एल-ए-एन' हा 'प्लॅन' असतो आणि 'ई' मुळे 'प्लेन' होतो. हा मूक 'ई' आणखीही कामे करतो. इंग्रजी शब्द 'व्ही' वर संपू देण्याचा प्रघात नाही, म्हणून 'हॅव', 'गिव', 'लव' यांच्या शेवटी तो नुसता पहारा देतो. तेथे मागचा स्वर दीर्घ होत नाही, आणि हे कारण न सांगितल्यामुळे 'हॅव' हा शब्द मुलांना निव्वळ अपवाद वाटतो. 'टेन्स' म्हणजे काळ, याच्या शेवटी तो असतो तो या शब्दातील 'एस' अनेकवचनाचा नाही हे दाखवण्यासाठी. तो काढला की तोच शब्द 'दहांचे गट' होतो.

मूक 'ई' ची दुसरी बाजू म्हणजे दुहेरी व्यंजन. मागचा स्वर ऱ्हस्वच राहावा, पुढे आलेल्या स्वराचा परिणाम त्याच्यावर होऊ नये, यासाठी मध्ये तेच व्यंजन दोनदा लिहिले जाते. कापूस पिकवणाऱ्या या जिल्ह्यात 'कॉटन' हा शब्द गावोगावच्या जिनिंगच्या पाटीवर दिसतो आणि त्यातील दोन 'टी' असेच पहाऱ्यावर आहेत. 'प्लॅनिंग' मध्ये दोन 'एन' असतात. एकच ठेवला तर रंधा मारण्याच्या क्रियेचा वेगळाच शब्द तयार होतो. 'डिनर' मध्ये दोन 'एन' आणि 'डायनर' मध्ये एक, हाही तोच हिशेब आहे.

'सी' चा दुटप्पीपणा मराठी मुलाला सर्वांत जास्त छळतो, आणि गमतीची गोष्ट अशी की त्याच्यासारखाच नियम ते मूल आपल्या बोलण्यात रोज पाळत असते. मराठीत 'च', 'ज', 'झ' या अक्षरांचे दोन दोन उच्चार आहेत: 'चार' मधला 'च' तालव्य आहे, म्हणजे जीभ टाळूला लावून उच्चारलेला, आणि 'चाक' मधला दंततालव्य, म्हणजे जीभ दातांकडे सरकवून उच्चारलेला. 'घराचा' या शब्दातील 'चा' दंततालव्य असतो, पण 'घराची' म्हणताच तो तालव्य होतो. 'माझा' आणि 'माझी' यांतील 'झ' चेही तसेच. लिहिताना अक्षर एकच, उच्चार मात्र पुढच्या स्वरामुळे पालटतो, कारण 'इ' आणि 'ए' हे स्वर उच्चारताना जीभ तोंडाच्या पुढच्या भागात टाळूकडे उचलली जाते व आधीच्या व्यंजनालाही आपल्याकडे ओढते. या प्रक्रियेला तालव्यीकरण म्हणतात. लॅटिनमध्ये 'सी' चा उच्चार सर्वत्र 'क' होता. पुढे लॅटिनमधून निघालेल्या भाषांत 'इ' आणि 'ए' यांच्या आधीचा 'क' याच ओढीने सरकत गेला, फ्रेंचमध्ये तो 'स' झाला आणि फ्रेंचमधून तीच सवय इंग्रजीत आली. म्हणून 'ई', 'आय' आणि 'वाय' यांच्या आधी 'सी' हा 'स' असतो आणि इतरत्र 'क'. 'मेडिकल' मधला 'क' आणि 'मेडिसिन' मधला 'स' हे एकाच अक्षराने लिहिले जातात, जसे 'घराचा' आणि 'घराची' लिहिले जातात. या नियमाला अपवाद अगदी थोडे आहेत. 'क' हा ध्वनी 'इ' किंवा 'ए' यांच्या आधी हवा असेल तर 'के' वापरावा लागतो, हे त्यातूनच निघते. 'कॅट' ला 'सी' आणि 'किट' ला 'के' का, याचे उत्तर तेथे आहे. 'जी' हे अक्षरही याच वाटेने जाते, पण 'गेट' म्हणजे मिळणे, 'गिव', 'गिफ्ट' यांसारखे रोजचे शब्द त्याला जुमानत नाहीत, म्हणून तो नियम 'सी' इतक्या विश्वासाने सांगता येत नाही.

उरलेल्या विसंगतींचे कारण इतिहासात आहे. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर राज्यकारभाराची भाषा फ्रेंच आणि लॅटिन झाली व इंग्रजी लिहिणारे कारकून फ्रेंच वळणाचे झाले. 'क्वीन' या अस्सल इंग्रजी शब्दाला 'क्यू-यू' त्यांनी दिला. त्या काळच्या हस्ताक्षरात 'एम', 'एन', 'यू', 'व्ही' ही अक्षरे सारख्याच उभ्या दांड्यांनी बनत आणि एकापुढे एक आली की कोणती दांडी कोणाची हे कळत नसे, म्हणून अशा जागी 'यू' ऐवजी 'ओ' लिहिण्याची सोय रूढ झाली. 'सन' म्हणजे मुलगा, 'लव', 'कम' या शब्दांत उच्चार 'अ' चा आणि अक्षर 'ओ' हे त्यामुळेच. मोडीतले कागद ज्याने वाचले आहेत त्याला लेखकाच्या घाईचा वाचकाला होणारा जाच नव्याने सांगायला नको. पुढे १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला आणि छापील रूपे हळूहळू स्थिरावू लागली. दुर्दैव असे की नेमक्या त्याच सुमारास, सुमारे १४०० ते १७०० या काळात, इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार एकामागून एक सरकत होते. 'नेम' हा शब्द पूर्वी 'नाम' च्या जवळचा होता आणि 'टाइम' हा 'टीम' च्या जवळचा. अक्षरे जुन्या जागी राहिली आणि उच्चार पुढे निघून गेले. 'नाइट' म्हणजे सरदार, या शब्दातील 'के' आणि 'जी-एच' हे दोन्ही एके काळी उच्चारले जात. विद्वानांनीही या पसाऱ्यात आपली भर घातली: 'डेट' म्हणजे कर्ज, हा शब्द फ्रेंचमधून 'बी' शिवाय आला होता, पण मूळ लॅटिन शब्दात 'बी' आहे हे दाखवण्याच्या हौसेने तो मागाहून खोवण्यात आला. बँकेच्या पासबुकात 'डेबिट' हा शब्द ज्याने पाहिला आहे त्याला तो 'बी' ओळखीचा वाटेल.

लॅटिन आणि ग्रीक कुळाचे शब्द ओळखता आले की स्पेलिंगचा मोठा भाग सुटतो, आणि हे कूळ ओळखण्याचे उत्तम साधन म्हणजे खताची गोणी आणि कीटकनाशकाची बाटली. 'फॉस्फेट' मधील दोन्ही 'फ' 'पी-एच' ने लिहिलेले आहेत, 'केमिकल' मधील 'क' 'सी-एच' ने. दोन्ही ग्रीक वारशाच्या खुणा आहेत. 'पेस्टिसाइड', 'इन्सेक्टिसाइड', 'फंगिसाइड' यांच्या शेवटी 'सी-आय-डी-ई' हा एकच लॅटिन तुकडा आहे, त्याचा अर्थ मारणारा असा आहे, आणि तो एकदा कळला की तिन्ही शब्दांचे अर्धे स्पेलिंग हाती येते. 'पोटॅश' मात्र साध्या जर्मेनिक कुळाचा, 'पॉट' आणि 'अ‍ॅश', म्हणजे भांडे आणि राख, यांच्या जोडीतून बनलेला. त्यात 'टी' एकच का आणि शेवटी 'एस-एच' का, हे त्याचा विग्रह केला की दिसते.

शब्दाच्या कुळावर लेखन ठरणे मराठीला नवे नाही. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये चौदा आणि १९७२ मध्ये आणखी चार लेखनविषयक नियम केले, त्यांत तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना वेगळी वागणूक आहे. 'वीस' आणि 'विष', 'गूळ' आणि 'गुण' या जोड्यांत मराठी माणूस ऱ्हस्व-दीर्घाचा फरक बोलताना क्वचितच करतो. पहिला शब्द मराठी म्हणून त्याचा उपान्त्य, म्हणजे शेवटच्या अक्षराआधीचा, स्वर दीर्घ, आणि दुसरा तत्सम म्हणून मुळाप्रमाणे ऱ्हस्व. मराठवाड्यात तर याचे तिसरेही उदाहरण घराघरात होते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्यामुळे जुन्या पिढीतील अनेकांना उर्दू लिपी शिकावी लागली, आणि उर्दूत 'स' या एकाच ध्वनीसाठी से, सीन आणि स्वाद अशी तीन अक्षरे आहेत. त्यांतले कोणते घ्यायचे ते शब्द अरबी मुळात कसा होता यावरून ठरते. ज्या प्रदेशातील आजोबांनी स्वाद आणि सीन यांचा भेद मुकाट्याने आत्मसात केला, तेथील नातवाला 'एफ' आणि 'पी-एच' यांचा भेद अशक्य वाटावा, याला त्याची बुद्धी कारण असू शकत नाही.

याहून खोल तत्त्व असे की इंग्रजी लेखन ध्वनीपेक्षा पुष्कळदा रूपिम टिकवते. रूपिम म्हणजे शब्दाचा अर्थ असणारा लहानात लहान घटक, जसा 'घरात' मध्ये 'घर' आणि 'त'. भूतकाळाचा 'ई-डी' हा प्रत्यय 'स्टँप्ट' मध्ये 'ट', 'साइन्ड' मध्ये 'ड' आणि 'डिपॉझिटेड' मध्ये 'इड' असा ऐकू येतो, पण बँकेच्या कागदावर तिन्ही ठिकाणी एकच लिहिला जातो, कारण त्याचे काम एकच आहे. 'साइन' मधील मूक 'जी' 'सिग्नेचर' मध्ये बोलू लागतो. 'टू' म्हणजे दोन, यातील मूक 'डब्ल्यू' 'ट्विन', 'ट्वाइस' आणि 'ट्वेंटी' या भावंडांत ऐकू येतो. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हाले यांनी १९६८ मध्ये इंग्रजीची प्रचलित लेखनपद्धती त्या भाषेसाठी जवळजवळ आदर्श आहे असे प्रतिपादन केले ते याच आधारावर. हे विधान शिकाऊ मुलाच्या बाजूने पाहिले तर फार उदार वाटते, कारण 'सिग्नेचर' ठाऊक असलेल्यालाच 'साइन' चा 'जी' सार्थ वाटणार. तरीही शब्द एकटा शिकवण्यापेक्षा भावंडांसह शिकवावा, एवढा व्यवहार त्यातून निघतो. याउलट 'सी नंतर सोडून आय आधी, ई नंतर' हा सर्वांत प्रसिद्ध नियम सर्वांत कुचकामी आहे. 'सीझ', 'विअर्ड', 'नेबर', 'सायन्स' असे शब्द त्याला इतके धुडकावतात की २००९ मध्ये ब्रिटिश सरकारच्या शिक्षकांसाठीच्या मार्गदर्शिकेनेच तो शिकवू नये असे सुचवले. 'ऑफ', 'वॉज', 'सेड', 'वन' यांसारखे अतिपरिचयाचे शब्द मात्र पाठच करावे लागतात. सर्वाधिक वापराच्या सुमारे शंभर शब्दांनी कोणत्याही इंग्रजी मजकुराचा जवळजवळ अर्धा भाग व्यापलेला असतो आणि नेमके त्यांतच अपवाद दाटलेले असतात, तेव्हा घोकंपट्टीची शक्ती तेथे खर्ची घालणे रास्त आहे.

मराठी मुलाच्या वाटेत आणखी एक अडचण आहे, जी इंग्रज मुलाला नसते. ते रोमन लिपीत सर्वांत आधी लिहायला शिकते ते स्वतःचे आणि गावाचे नाव, आणि ती नावे इंग्रजी स्पेलिंगच्या नियमांनी लिहिलेली नसतात. पूर्वी तसे नव्हते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्याच्या उत्तर भागातील असई येथे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेची शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याशी लढाई झाली. त्या मोहिमेच्या कागदपत्रांत कंपनीचे अधिकारी गावांची नावे कानाला जशी लागली तशी इंग्रजी सवयीने लिहीत. असईमध्ये त्यांनी दोन 'एस' घातले, कारण दोन स्वरांमधला एकटा 'एस' इंग्रज वाचक 'म्यूझिक' मधल्यासारखा 'झ' वाचण्याचा संभव असतो. बदनापूरच्या आरंभीच्या 'अ' साठी 'बट' मधला 'यू' घेतला आणि 'पूर' साठी 'मून' मधले दोन 'ओ'. जालन्याच्या 'आ' साठी 'ए-यू' वापरला, जो 'ऑगस्ट' मध्ये 'ऑ' असतो. कंपनीच्या सैन्याचा सेनापती आर्थर वेलस्ली याचे आडनावही १७९८ मध्ये 'वेस्ली' वरून बदलले होते, त्यामुळे नावाचे स्पेलिंग ही तेव्हा फार पक्की गोष्ट नव्हती असे म्हणता येते. पुढे विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडलेले तत्त्व घेऊन विल्यम विल्सन हंटर यांनी व्यंजने इंग्रजीप्रमाणे आणि स्वर इटालियनप्रमाणे अशी पद्धत सुटसुटीत केली आणि १८७० च्या दशकात सरकारने ती स्वीकारली. आज रेल्वे स्थानकांवर जालना, बदनापूर, परतूर ही नावे रोमन लिपीत दिसतात ती याच वळणाची आहेत.

या पद्धतीत 'ए' हे अक्षर 'अ' आणि 'आ' या दोहोंसाठी असते, 'यू' हे 'उ-ऊ' साठी आणि 'टी-एच' हे 'थ' व 'ठ' साठी. मंठ्याच्या मुलाने आपल्या गावाच्या नावात 'टी-एच' म्हणजे 'ठ' असे शिकलेले असते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला 'द' आणि 'दॅट' भेटतात. परतूरच्या मुलाला 'यू' म्हणजे 'ऊ' हे पाठ असते आणि पुस्तकात 'बस', 'कप' आणि 'सन' म्हणजे सूर्य, हे शब्द येतात. व्यक्तिनावांत तर दोन्ही पद्धती शेजारी नांदतात: एका पूजाच्या नावात दोन 'ओ' असतात, ते इंग्रजी वळण, दुसरीच्या नावात एक 'यू' असतो, ते हंटरचे. अलीकडे फोनवर मराठी मजकूर रोमन अक्षरांत टंकण्याची सवय वाढल्यामुळे हे मिश्रण आणखी दाट झाले आहे. अशा स्थितीत शिक्षकाने हजेरीपटावरील नावे आणि पुस्तकातील शब्द फळ्यावर दोन वेगळ्या रकान्यांत लिहून, पहिल्या रकान्यातील 'ए' आणि दुसऱ्या रकान्यातील 'ए' हे वेगवेगळ्या नियमांनी चालतात असे एकदा स्पष्ट सांगितले, तर 'कॅट' ऐवजी 'कात' वाचणाऱ्या मुलाची चूक कोठून आली हे त्याचे त्यालाच दाखवता येते, कारण आपल्या नावाच्या नियमाने त्याने ते अक्षर बरोबरच वाचलेले असते.